आडवळणाचे सण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपती आणि शिमगा यांची तयारी कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही. पंचांगात एका ओळीत उरकलेले लहान दिवस मात्र घराघरांतून गळत चालले आहेत, आणि ते पुन्हा धरावेत असे बऱ्याच वाचकांना वाटते, हे यंदा आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतली काही पत्रे इथे घेतली आहेत.

दापोलीहून एक वाचक विचारतात: घरात आम्ही पाच जण, मुले ७ आणि ११ वर्षांची. मोठे सण होतातच. त्यांखेरीज दर महिन्याला एखादा छोटा, वेगळा दिवस साजरा करायचा आहे. कोणते दिवस निवडावेत?

दर महिन्याला एक असा हट्ट धरू नका. बारा दिवस ठरवले तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येतो आणि सगळेच सुटते. सहा-सात दिवस पुरेत. निवडताना एवढेच पाहा, की त्या दिवसाला लागणारी मुख्य वस्तू तेव्हा परसात, बाजारात किंवा आभाळात आपसूक हजर असते का. हळदीची पाने, नव्या भाताच्या लोंब्या, डोक्यावर आलेला सूर्य, यांच्यावर उभा असलेला दिवस घरात टिकतो. विकतच्या सजावटीवर उभा केलेला दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही.

आमची निवड अशी: माघात रथसप्तमी, मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस, आषाढात दिव्याची अवस, श्रावणात पातोळ्यांची नागपंचमी, भाद्रपदात ऋषिपंचमी, आश्विनात नवान्न पौर्णिमा आणि चावदिवस. यांतल्या बहुतेकांबद्दल पुढे पत्रे आहेतच, म्हणून इथे उरलेल्या दोघांचे सांगतो.

रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध उतू घालतात. कोरे बोळके थेट विस्तवावर ठेवले की तडकते. ते आदल्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसा आणि आधी धगीच्या कडेला गरम होऊ द्या. दूध पाऊण बोळके भरा. अर्धेच भरले तर उतू जायला फार वेळ लागतो आणि तळाला करपते. उरलेल्या दुधात मूठभर तांदूळ शिजवून खीर करा. फ्लॅटमध्ये गॅसवर करणार असाल तर मोठ्या माणसाने बर्नरपाशीच उभे राहायचे: उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझते आणि गॅस तसाच चालू राहतो.

दिव्याच्या अवसेला, म्हणजे आषाढ अमावास्येला, घरातले सगळे दिवे काढा. समई, निरांजने, कंदील, अगदी विजेरीसुद्धा. पितळेला चिंच आणि वर बारीक रांगोळीची पूड, कंदिलाच्या काचेला चुलीतली राख. पावसात वीज जाते तेव्हा लागणारा प्रत्येक दिवा त्या दिवशी तपासून होतो. नैवेद्याला कणकेचे गोड दिवे करा: २ वाट्या कणीक, पाऊण वाटी गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला, २ चमचे तूप. कणीक घट्ट भिजवा, सैल झाली तर वाफवताना दिवे बसतात. पाणी लागेल तसेच घाला, सगळे ओतू नका. चाळणीला तूप लावून १५ मिनिटे वाफ पुरते.

प्रत्येक दिवसाला मुलांकडे एकेक ठरलेले काम द्या आणि पुढच्या वर्षी ते बदलू नका. आणखी एक: तिथीचे सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की १९-२० दिवस पुढे जातात. गेल्या वर्षीची तारीख धरून रजा टाकू नका.

मालवणहून: नागपंचमीचे पातोळे दरवर्षी बिघडतात. पान घडी घालताना फाटते, सारण बाहेर येते आणि शिजल्यावर पातोळा पानाला चिकटतो.

तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

हळदीचे पान फाटते, कारण ते एकतर फार जून असते किंवा ताठ असते. झाडाच्या टोकाचे कोवळे पान नको, त्याला वास कमी. अगदी खालचे पिवळसर झालेलेही नको. मधले, तळहाताहून थोडे रुंद पान घ्या. धुऊन पुसा आणि कोमट पाणी ओतून दोन मिनिटे मऊ होऊ द्या. घडी मधल्या शिरेवरच पडली पाहिजे. शीर जाड असेल तर पानाच्या मागच्या बाजूने ती बोटाने हलकेच चेपून घ्या.

सारण बाहेर येते, कारण ते ओले राहिलेले असते. २ वाट्या खवलेल्या नारळाला १ वाटी गूळ पुरे. मंद आचेवर हलवत राहा, कढईच्या कडा सुटू लागल्या की उतरवा आणि पूर्ण गार करा. गरम सारण पिठावर घातले तर पीठ सैल होते. वेलची शेवटी.

पिठासाठी २ वाट्या तांदूळ ३-४ तास भिजवून, निथळून, चिमूटभर मीठ घालून वाटा. पाणी अर्ध्या वाटीपासून सुरू करा. बोटाने पानावर पसरता यावे पण पान उभे धरले तर ओघळू नये, एवढे घट्ट हवे. पानाच्या गुळगुळीत बाजूवर कडेला अर्धा इंच मोकळा ठेवून पातळ थर लावा आणि एका अर्ध्या भागावर दीड चमचा सारण. सारण जास्त भरण्याचा मोह आवरा. घडी घालून कडा दाबा. मोदकपात्रात पाणी खळखळ उकळल्यावरच पातोळे ठेवा, झाकणाला फडके गुंडाळा म्हणजे वाफेचे थेंब वर पडणार नाहीत, आणि १५ मिनिटे शिजू द्या. एवढ्या साहित्यात १५ ते १८ पातोळे होतात.

चिकटतात, कारण गरम असतानाच पान सोलले जाते. बाहेर काढून ५-७ मिनिटे थांबा, मग देठाकडून टोकाकडे सोला.

नागपंचमीला बऱ्याच घरांत चिरणे, तळणे, तवा ठेवणे वर्ज्य असते. म्हणून नारळ आदल्या दिवशीच खवून सारण करून ठेवावे. पाने मात्र त्याच दिवशी खुडा, रात्रभर ठेवलेल्या पानांचा अर्धा सुवास गेलेला असतो. पाने खुडायचे आणि पीठ पसरायचे काम मुलांचे. घरात तवशी (पावसाळ्यातल्या मोठ्या काकड्या) उतरू लागली असतील तर किसलेल्या तवशात तांदळाचा रवा व गूळ घालून केलेले पातोळेही याच पानांत होतात, आणि आमच्या मते चवीला ते काकणभर सरसच.

पेणहून: पिठोरी अमावास्येला आई डोक्यावर वाण घेऊन विचारते, ते नेमके कसे? आणि आम्हाला दोन मुलीच आहेत.

श्रावण अमावास्येला आई पूजेनंतर खीर-पुरीचे वाण डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगते आणि वाण घेते. असे प्रत्येक मुलासाठी. मुलींनी अगदी तसेच घ्यावे, त्यात अडचण कसलीच नाही. खीर पातळ असेल तर वाटी काठोकाठ भरू नका, वाण डोक्यावरून मागे जाताना सांडते. पसरट वाटीपेक्षा उभी वाटी बरी.

गुहागरहून: ऋषिपंचमीची भाजी करायची तर घशाला खाज येते, म्हणून मुले खात नाहीत. आणि तेल का घालायचे नाही?

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हा या दिवसाचा नेम. नांगरलेल्या शेतातले धान्य नको, आणि तेल बैलघाण्याचे असे म्हणून तेही नको. परसात हाताने लावलेले, खणून काढलेले चालते. मुलांना हा नेम समजावून सांगितला तर ती बाजारात भाज्या निवडताना स्वतःच प्रश्न विचारू लागतात.

खाज येते ती अळू आणि सुरणातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. उपाय तीन: अळू काळ्या देठाचे घ्या, सुरणाच्या फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात २० मिनिटे ठेवून धुवा, आणि भाजी घाईने उतरवू नका. चिरताना हाताला खोबरेल लावायला हरकत नाही, ते पोटात जात नाही.

गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी घर भरलेले असते, म्हणून १२ जणांचे प्रमाण देतो. सुरण पाव किलो, लाल भोपळा अर्धा किलो, अळूची १०-१२ पाने देठांसह, लाल माठाच्या देठांची एक जुडी, एक पडवळ, दोन शिराळी, १०-१२ भेंडी, मक्याची तीन कणसे तुकडे करून, एक वाटी ओले शेंगदाणे, ६-७ हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच, एक नारळ.

सगळे एकदम पातेल्यात टाकले की भोपळ्याचा लगदा होतो आणि सुरण कच्चे राहते. आधी सुरण, मका, दाणे दोन वाट्या पाण्यात १० मिनिटे शिजवा. मग अळूचे व माठाचे देठ आणि मिरच्या. मग चिरलेली अळूची पाने, पडवळ, शिराळी, भोपळा. चिंचेचा कोळ सुरण बोटाने दाबले जाईल इतके मऊ झाल्यावरच घाला. आंबट लवकर पडले की भाज्या शिजायला अडतात. कोळ घातल्यावर ७-८ मिनिटे चांगले उकळू द्या, खाज जाण्यासाठी हा वेळ लागतोच. भेंडी शेवटी, कारण आंबटात तिची तार येत नाही. मीठ, खवलेला नारळ, उतरवताना मोठा चमचाभर लोणी. फोडणी नाही, मसाला नाही. चव भाज्यांचीच लागते, आणि ती लागावी म्हणूनच हा खटाटोप.

पनवेलहून: गावी शेती राहिली नाही. नवान्न पौर्णिमेला दारावर 'नवे' बांधायचे, तर फ्लॅटमध्ये कसे करावे?

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात कापणीला आलेले असते. भाताच्या पाच-सात लोंब्या, नाचणीचे एक कणीस, मिळाले तर वरीचे, आंब्याची पाने, झेंडू आणि कुरडूचे फूल यांची जुडी करून दाराच्या चौकटीला बांधतात. पनवेलच्या आसपासच्या आठवडी बाजारांत भाजीवाल्या बायकांना आधी सांगून ठेवले तर त्या लोंब्या आणून देतात. ओल्या लोंब्या तशाच बांधल्या की बुरशी धरतात. दोन दिवस उलट्या टांगून वाळवा, मग बांधा. दोरा सैल नको, वाळल्यावर देठ बारीक होतात आणि जुडी निसटते.

नव्या तांदळाचा भात करताना पाणी कमी लागते. जुन्या तांदळाला दोन वाट्या घालत असाल तर याला पावणेदोनच पुरे, नाहीतर भाताचा गोळा होतो.

ठाण्याहून: दिवाळीत गावी कणकवलीला जातो. तिथे पहिल्या दिवशी पोह्यांचे प्रकार करतात आणि कारीट फोडतात. यंदा आम्ही ठाण्यातच आहोत. कसे करावे?

सिंधुदुर्गात याला चावदिवस म्हणतात. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, 'गोविंदा' म्हणायचे. कारीट हे रानवेलीचे लिंबाहून लहान कडू फळ, पावसाळा सरताना बांधावर दिसते. दिवाळीच्या आधी दोन-तीन दिवस ठाण्या-मुंबईच्या बाजारात वाटे लावून विकतात. फार पिकलेले घेऊ नका, पाय लागण्याआधीच फुटते. ओल्या लादीवर ते सटकते आणि ओला पायही घसरतो, म्हणून खाली पोते किंवा जुने फडके घाला. रस जिभेच्या टोकाला लावण्याची रीत आहे, तेवढाच लावा. हात धुतल्याशिवाय मुलांनी डोळ्यांना हात लावू नये.

पोह्यांचे पाच प्रकार आठ माणसांना करायचे तर प्रत्येकाचे थोडेच करा, एकूण पोहे पाऊण किलोच्या वर लागत नाहीत. दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, फोडणीचे आणि दडपे. गूळपोह्यांना गावठी लाल जाडे पोहे हवेत: ३ वाट्या पोहे धुऊन चाळणीत १० मिनिटे ठेवा, पाऊण वाटी गूळ, एक वाटी खोबरे, वेलची. गूळ हाताने खोबऱ्यात चुरून एकजीव करा आणि मगच पोहे घाला, नाहीतर खडे राहतात.

दडप्यांना पातळ पोहे, आणि ते धुवायचे नाहीत. चूक इथेच होते. ४ वाट्या पोह्यांना एक वाटी खोबरे, पाव वाटी नारळाचे पाणी शिंपडून, मीठ, साखर, अर्धे लिंबू, आणि वर हिरवी मिरची-जिऱ्याची फोडणी. नैवेद्याचे असल्याने कांदा नको. ताट झाकून वर वजन ठेवा, अर्ध्या तासात पोहे खोबऱ्याच्या ओलाव्यावर मऊ होतात. म्हणून आंघोळीला जाण्याआधी दडपे लावावेत. दूधपोहे अगदी पानावर बसताना कालवा.

रत्नागिरीहून एक शिक्षिका: शून्य सावलीचा दिवस घरी आणि शेजारच्या मुलांबरोबर साजरा करायचा आहे. गेल्या वर्षी बारा वाजता सगळे गच्चीवर गेलो, सावली होतीच. काय चुकले?

घड्याळ चुकले. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि रत्नागिरी त्याच्या सुमारे ९ अंश पश्चिमेला. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणून आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ही वेळ रत्नागिरीत साधारण १२ वाजून ३३ मिनिटांची असते. तुम्ही अर्धा तास आधी गेलात.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांवर वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो. कोकणात पहिला दिवस मेमध्ये: सावंतवाडी-कुडाळकडे ३ मेच्या सुमारास, मालवणला ४, देवगडला ५, रत्नागिरीत ७, चिपळूणला ९, महाडला ११, अलिबागेस १४ आणि मुंबईत १५ मेच्या सुमारास. दुसरा जुलैअखेर ते ऑगस्टच्या पूर्वार्धात येतो, पण तेव्हा आभाळ झाकलेले असते. मेचाच धरा.

तारखेपेक्षा वेळ महत्त्वाची. ३० सेंटिमीटर उंच नळी घेतली तर एक दिवस मागेपुढे झाल्याने दुपारची सावली जेमतेम दीड मिलिमीटर पडते, ती डोळ्यांना जाणवतही नाही. त्याच दिवशी १० मिनिटे चुकली तर मात्र १२-१३ मिलिमीटर. म्हणून ७ तारखेला ढग आले तर ८ ला खुशाल करा, पण १२.१५ ला हजर राहा.

दुसरी चूक जमिनीची. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. एका अंशाच्या उताराने याच नळीची सावली ५ मिलिमीटर दिसते. पाट ठेवा, त्यावर पाणी भरलेले सपाट ताट ठेवून चारही बाजूंना पाणी सारखे येते का पाहा, पाटाखाली कागदाच्या घड्या सरकवून समतल करा. मग ताट काढून पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर नळी उभी करा. प्लंबिंगच्या दुकानात पाइपचा तुकडा यंत्राने सरळ कापून मिळतो. घरी करवतीने कापलेला तिरका उभा राहतो.

समतल करण्याचा त्रास नको असेल तर गवंड्याचा ओळंबा मांडवाच्या आडव्या बांबूला टांगा. दोरी आपोआप उभी राहते. वेळ झाली की दोरीची सावली गोळ्याच्या सावलीत शिरते आणि दिसेनाशी होते. वारा असेल तर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा म्हणजे झुलणार नाही. मग पाण्यावर दोरीची सावली कुठे पडते ते पाहायचे.

मुलांना १२.१५ पासून दर पाच मिनिटांनी नळीच्या सावलीच्या टोकाला पेन्सिलीने खूण करू द्या. सावली पश्चिमेकडून आखडत येते, मिटते आणि पूर्वेकडे वाढू लागते. या खुणांची रेघ जपून ठेवा. जूनमध्ये एखाद्या उघाडीच्या दुपारी त्याच जागी पाहिले तर सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. आपल्याकडे मे ते ऑगस्टच्या मधल्या काळात सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, हे कित्येक मोठ्यांनाही ठाऊक नसते.

घराला कठडा असलेली विहीर असेल तर तीही बघा. त्या पाच मिनिटांत ऊन थेट तळापर्यंत उतरते. मुलांना मोठ्यांनी धरूनच वाकू द्यावे, आणि पाण्यातल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे टक लावू देऊ नये. सूर्याकडे तर कुणीच थेट बघायचे नाही. टोप्या, पाणी, आणि खाली उतरल्यावर आगळाचे कोकम सरबत: एका पेल्याला दीड चमचा आगळ, दोन चमचे साखर, मीठ, जिरेपूड.

देवगडहून: जागतिक दिवसांपैकी कोकणातल्या घरात शोभतील असे कोणते?

आम्ही दोनच सांगू. पहिला २ सप्टेंबर, जागतिक नारळ दिन. नारळ पिकवणाऱ्या आशिया-पॅसिफिक देशांची संघटना १९६९ साली या दिवशी स्थापन झाली. एकच नारळ घ्या आणि त्यातले काही फेकायचे नाही असे ठरवा. पाणी, खोबरे, काथ्या, करवंटीचा डवला (डाव). करवंटीला डोळ्याकडून भोक पाडू नका, तिथे ती फुटते. कडेपासून एक सेंटिमीटर खाली समोरासमोर दोन भोके पाडून बांबूची काठी आरपार घाला.

दुसरा सप्टेंबरमधला तिसरा शनिवार, किनारा स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय दिवस. ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो खरा, पण तेव्हा आपला समुद्र खवळलेला असतो, मुलांना घेऊन जाऊ नये. शनिवारी भरती-ओहोटीची वेळ पाहून ओहोटी लागल्यावर जा. जाड हातमोजे, काचेसाठी वेगळी बादली. मर्यादवेल कचरा समजून उपटू नका, किनाऱ्याची वाळू तीच धरून ठेवते.

याच ओघात वेळासचे सांगायला हवे. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचे संरक्षण होते आणि २००६ पासून कासव महोत्सव भरतो. फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. पिल्ले सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. अंडी उबायला दीड ते दोन महिने लागतात आणि वाळूच्या उबेप्रमाणे दिवस पुढेमागे होतो, म्हणून एकाच सकाळीसाठी जाऊ नका. दोन रात्री मुक्काम ठेवा, गावातल्या घरांतच राहण्या-जेवणाची सोय होते, ती आधी ठरवा. किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे थांबायचे, पिल्लाला हात लावायचा नाही, मोबाइलचा फ्लॅश बंद. पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने चालतात आणि मागून पडलेल्या उजेडाने उलटी फिरतात.